मोटरहोमच्या मोरीत सामान कसं बसवायचं? (कमोडची वाट न अडवता)

घोडबंदरची_वहिनी

नमस्कार मंडळी.

आमची ट्रॅव्हलर आहे, आतून घर करून घेतलेली. बेड, ओटा, छोटा फ्रीज आणि एक मोरी. गणपतीला तीच घेऊन गावी जायचं ठरलंय, राजापूरच्या अलीकडे. मी, आमचे हे, कॉलेजातला मुलगा आणि सासूबाई. न्यायचं सामान हॉलमध्ये मांडलं तर चालायला जागा उरेना. गाडीतली कपाटं भरली, बेडखालचे खण भरले, तरी सोफ्यावर ढीग उरलाच. आता गाडीत रिकामी जागा एकच, ती म्हणजे मोरी. माणशी दहा मिनिटांची आंघोळ सोडली तर दिवसभर ती नुसती हवा खात असते.

टेप लावून मापं घेतलीत, म्हणजे पुन्हा कोणी विचारायला नको. आतून लांबी ४२ इंच, रुंदी २८ इंच, उंची सहा फूट दोन इंच. लांब बाजूला दार, २१ इंची, बाहेर उघडणारं. मोरी ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या चाकाच्या जरा पुढे आहे. गाडीच्या तोंडाकडच्या टोकाला पोर्टेबल कमोड, पट्ट्याने जमिनीला बांधलेला. मागचं टोक मोकळं, तिथे उभं राहून आंघोळ. हँडशॉवर बाहेरच्या भिंतीवर, मधोमध. खाली फायबरचा ट्रे, कोपऱ्यात जाळी, पाणी खालच्या टाकीत जातं. भिंतींना एसीपी शीट. छताला १२ व्होल्टचा पंखा.

उरलेलं सामान असं: चार घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, बाजूला लावायची ताडपत्री आणि तिच्या काठ्या, वीस मीटर पाण्याचा पाइप, सगळ्यांच्या चपला-बूट, छत्र्या-रेनकोट, दोन गोधड्या, एक रजई, दोन बादल्या आणि मखराची कापडी गुंडाळी. मखर दीराकडे दरवर्षी आम्हीच नेतो, त्यामुळे ते सोडता येत नाही.

आता अटी. सासूबाई ७९ वर्षांच्या. शुगर आहे, बीपीची गोळी लघवीची. दीड-दोन तासांनी गाडी बाजूला घ्यावीच लागते, आणि घेतली की अर्ध्या मिनिटात त्यांना कमोडवर बसता आलं पाहिजे. "थांबा हं, आधी खुर्च्या काढते" हे चालणार नाही. दुसरं, खाण्याचं काहीही मोरीत ठेवायचं नाही. त्यांनी आधीच जाहीर केलंय की मोरीत ठेवलेल्या डब्यातलं त्या खाणार नाहीत, आणि ह्या बाबतीत मी शंभर टक्के त्यांच्या बाजूने आहे.

बाजारातले व्हॅक्यूमचे हूक लावून झाले. गायमुखच्या घाटात खड्डे लागले तसे एकेक टपाटप गळले, सासूबाई म्हणाल्या पाल पडली. ज्याने गाडी बनवली तो म्हणतो, "मॅडम, मोरीत उभं कपाट करून देतो, सनमायका मारून." पाण्याच्या जागी सनमायका! त्याला मी नंतर फोन करते म्हटलंय.

कोणी केलंय का असं काही? फोटो नको, मापं सांगा.

नौपाडेकर

वहिनी, ठाण्यात राहून हा प्रश्न पडावा? आपल्या जुन्या सोसायट्यांमधलं कुठलंही वन-बीएचके घ्या, संडास-बाथरूमवर माळा असतो आणि अर्धा संसार त्या माळ्यावर असतो. गाडीतही माळाच घाला.

तुम्ही म्हणाल उंची कुठे पुरते. पुरते, कारण आंघोळ उभ्यानेच करायची असा नियम नाही. बुटकं स्टूल दहा इंच. त्यावर बसलेला माणूस डोक्यापर्यंत फार तर तीन फूट. डोक्यावर मगाने पाणी ओतायला हात वर जातो तो आणखी फूटभर. झाले ५८ इंच. म्हणजे आंघोळीच्या टोकाला पाच फुटांच्या वरचं सगळं तुमचं. छतापर्यंत १४ इंच उरतात. रुंदी २८ आहेच, लांबीतले २० इंच घेतले तर सव्वाशे लिटरचा माळा होतो. कमोडकडच्या टोकाचे २२ इंच पूर्ण उंचीचे मोकळे राहतात, आजी आरामात उभ्या राहतील.

पाणीही वाचेल. हँडशॉवर सोडून ठेवला की मिनिटाला पाच-सहा लिटर सहज जातं. बसून, मगाने पाणी घेऊन, आठ-नऊ लिटरांत माणूस लख्ख होतो. आमचे आजोबा तेवढ्यात अंगही चोळायचे आणि पंचाही पिळून घ्यायचे.

आनंदी_भटक्या

माझं मत वेगळं. कोकणच्या वाटेवर गाडीत आंघोळ करतं कोण? गावी घर आहे, वाटेत लॉज आहेत, अगदीच काही नाही तर पेट्रोल पंप आहे. शॉवर काढून टाका, ट्रेवर फळी टाका, अख्खी मोरी कपाट करा. आम्ही तेच केलं आणि सुखात आहोत.

घोडबंदरची_वहिनी

@आनंदी_भटक्या, तुम्ही पुरुष आहात हे नाव न वाचताही कळलं असतं.

@नौपाडेकर, बसून आंघोळीचं सासूबाईंना वाचून दाखवलं. "मग मी आजवर काय करत होते?" म्हणाल्या. मंजूर आहे. पण तो माळा ठोकायचा कशाला? एसीपीला भोकं पाडायला मला धीर होत नाही.

रबाळे_वर्कशॉप

भीती बरोबर आहे ताई. एसीपीला स्क्रू मारूच नका. ते तीन-चार मिलिमीटरचं शीट, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा आणि मध्ये प्लास्टिक. घरच्या भिंतीवर एखादवेळ टिकेल, पण गाडी हलते. स्क्रू भोक मोठं करत जातो, पाणी मागे शिरतं, मागे प्लाय असेल तर ती फुगते, आणि हे सगळं वास यायला लागल्यावरच कळतं.

माळ्याचा भार गाडीच्या सांगाड्यावरच घ्या. शीटमागे लोखंडी बॉक्स पाइप किंवा मूळ बॉडीचे खांब असणार. शोधायचे कसे? जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमधला लोहचुंबक घ्या, तो फार जोरदार असतो. पातळ कापडात गुंडाळून भिंतीवरून हळूहळू सरकवा. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, त्यामुळे जिथे हात ओढला जाईल तिथे मागे लोखंड. पेन्सिलने खूण करत चला, पाचेक मिनिटांत खांबांचा नकाशा तयार होतो. फ्रिजवर लावायचा चुंबक नको, त्याला एवढा जोर नसतो.

खांब सापडला की रिव्हनट (पोकळ पाइपच्या भोकात घट्ट बसणारा आट्यांचा नट) बसवून घ्या आणि त्यात बोल्ट. भोकं सगळी पाच फुटांच्या वरच येतात, तिथे पाणी उडतं पण वाहत नाही. तरी प्रत्येक भोकात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. सिलिकॉन नको. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी नंतर दुसरं काही नीट चिकटत नाही, दुरुस्तीच्या वेळी खरवडत बसावं लागतं. खांब कापायचा किंवा वेल्डिंग करायचं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

माळ्याची फळी अखंड नको, पट्ट्यांची करा. छताचा पंखा हवा ओढतो ती वाट बंद होता कामा नये. खाली ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट, वर पीव्हीसी बोर्डच्या पट्ट्या. नुसता पीव्हीसी बोर्ड टाकलात तर उन्हात उभ्या गाडीत तो झोळीसारखा खाली येईल.

स्टीलबद्दल एक. समुद्रकिनारी जाणार आहात, सगळे बोल्ट-हूक ३०४ ग्रेडचे घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४." स्वस्तातलं २०२ पण चिकटत नाही. ते खाऱ्या हवेत तांबूस डाग धरतं. ग्रेड बिलावर लिहून मागा. लिहायला कां-कूं केलं तर पुढच्या दुकानात जा. मुंबईत जाणं होणार असेल तर नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत सगळं मिळेल.

आणि ट्रेवर मुठीने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर खाली आधार नाही. तिथे जड क्रेटचा कोपरा टेकवू नका, फायबर जाळीपाशी चरकतं. रबरी मॅट टाका, भार पसरतो.

सीवूड्सची_ताई

माळा छान, पण त्यावर गोधड्या ठेवणार असाल तर थांबा. भाद्रपदातला कोकण आहे. गाडीत चार माणसं, ओले रेनकोट, निथळत्या छत्र्या, आणि हे सगळं टांगायला मोरीसारखी दुसरी जागा नाही, कारण थेंब ट्रेमध्येच पडतात. म्हणजे मोरी दिवसभर ओली. त्याच खोलीत वर कोरडी गोधडी? दोन दिवसांत कुबट. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तरी पिशवी उघडताना हात ओलेच असतात.

मी एकच चाळणी लावते: भिजलं तरी चालेल तेच मोरीत. तुमच्या यादीतून गोधड्या, रजई आणि मखर बाहेर. पाइप, ताडपत्री, खुर्च्या, चपला, बादल्या आत. अंथरुणं सोफ्याच्या पाठीला उशांसारखी खोळीत घालून ठेवा, टेकायलाही होतात. मखराचं तुमचं तुम्ही बघा.

आंघोळ झाली की भिंतींवरून रबरी वायपर मारायचा आणि पंखा सुरू ठेवून दार बोटभर उघडं सोडायचं. दार घट्ट लावून पंखा लावला तर आत हवा यायला वाट नसते, पंखा नुसता घरघरतो. दाराला खाली जाळी असेल तर उत्तम.

जाता जाता, झाकणाच्या बादलीत थोडं पाणी, चमचाभर पावडर आणि मुलाचे टी-शर्ट टाकून ती ट्रेमध्ये कोपऱ्यात अडकवून ठेवा. पेण ते माणगाव रस्ता जसा असेल त्या मानाने कपडे निघतात. आमचे मशीनपेक्षा स्वच्छ निघाले होते, यावरून काय ते समजा.

खारघरचा_दर्यावर्दी

जहाजावर डेकवर नोकरी केली, आता निवृत्त. सामान बांधण्यात आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वहिनी, तुमची मोरी मागच्या चाकाच्या पुढे आहे हे बरं. मागच्या चाकापलीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग विचित्र लागतं. त्यामुळे तुम्ही इथे तीस-चाळीस किलो ठेवलंत तरी गाडी तक्रार करणार नाही. पण ते वजन खाली हवं. माळ्यावर आठ-दहा किलोच्या वर नको: पाइप, रिकाम्या बादल्या एकात एक, स्टूल. खुर्च्या-टेबल जमिनीलगत.

आता मुख्य गोष्ट. मोरीत काय मावतं हे बघण्याआधी ते एका हालचालीत बाहेर येतं का हे बघा. एक हालचाल म्हणजे एक बकल किंवा एक हूक. जिथे तीन वस्तू हलवल्यावर चौथी निघते तिथे तिसऱ्या दिवशी कोणी काही जागेवर ठेवत नाही, मग आंघोळीच्या वेळी सगळं बेडवर आणि आंघोळ झाल्यावरही बेडवरच. तुमच्या यादीकडे याच नजरेने पाहा. खुर्च्या, टेबल, ताडपत्री, काठ्या, पाइप: हे सगळं मुक्कामाला पोचल्यावर तसंही बाहेर निघणारच आहे. म्हणजे गाडी चालताना मोरी भरलेली आणि थांबली की आपोआप रिकामी. आंघोळ तुम्ही थांबल्यावरच करता. हे सामान मोरीसाठीच जन्माला आलंय. चपला आणि रेनकोट तसे नाहीत, ते दिवसभर लागतात, त्यांची व्यवस्था वेगळी.

खुर्च्या: मागच्या टोकाच्या भिंतीला उभ्या, एकीला एक चिकटून, टेबल त्यांच्यामागे भिंतीशी. घडी केल्यावर सगळ्यांची जाडी १२ इंचांच्या आत राहते का मोजा. कमोडच्या पुढच्या कडेपासून तुमच्याकडे साधारण २५ इंच आहेत. त्यातले १२ गेले तरी १३ उरतात, पाय ठेवायला आणि वळायला तेवढे पुरतात. आजींना उठताना पुढे वाकायला जागा लागते, त्यामुळे १२ चे १५ करू नका.

बांधायला कॅम बकलचा पट्टा घ्या, अंगठ्याने दाबला की सुटतो. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा नको. रॅचेटला जोर एवढा असतो की आवळता आवळता खुर्चीचा पाइप वाकेल किंवा भिंतीचं शीट चेपेल. पट्ट्यासाठी दोन डी-रिंगा, त्या वर रबाळेकरांनी सांगितलेल्या खांबांवरच, कमरेच्या उंचीला. एवढ्या खाली पाणी लागतं, म्हणून सीलंट हात सैल सोडून.

जोर किती येतो म्हणाल, तर कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की दहा किलोचं सामान सात-आठ किलोच्या जोराने पुढे झेपावतं. तुमच्या मोरीत पुढे म्हणजे कमोड आणि पट्टा सुटलेला असेल तर सगळं त्याच्यावर. घाटातल्या वळणावर बाजूचा जोर ब्रेकच्या साधारण निम्मा असतो. म्हणून माळ्याचं तोंड दाराच्या बाजूला ठेवा, पुढच्या बाजूला नाही. पुढच्या बाजूला चार इंचांची उभी पट्टी आणि तोंडाला जाळी. दाराची कडी सामान अडवायला धरू नका, ती दार अडवायला असते.

आता चपला-रेनकोट. यासाठी रिक्षाचं हुड शिवणारा गाठा. त्याच्याकडे जाड रेक्झिन असतं, जाड दोरा असतो, पितळी आयलेट ठोकायचं यंत्र असतं आणि त्याला पावसाची अक्कल असते. त्याच्याकडून दारापेक्षा जरा अरुंद, साडेचार फूट लांब अशी एक झूल शिवून घ्या, त्यावर खिशांच्या तीन ओळी. प्रत्येक खिशाच्या तळाला दोन आयलेट, म्हणजे पाणी गळून जातं. खिसे सपाट नको, चुणी घालून फुगीर, नाहीतर बूट शिरत नाहीत. वरच्या कडेत नेफा, त्यात अर्ध्या इंचाचा स्टीलचा पाइप आणि पाइपला दोन टोकांना हूक. ही झूल मोरीत दाराच्या आतल्या अंगाला टांगायची, दाराबरोबर ती बाहेर फिरते आणि मोरी मोकळी. आंघोळीच्या वेळी उचलून बाहेरच्या हुकावर. एक हालचाल.

जाळीला रबरी बूच घाला, चालत्या गाडीत. ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या नळीत वास अडवणारं, पाणी खड्ड्यांत हिंदकळून निघून जातं आणि मग टाकीचा वास वर येतो, सामानाला लागतो. आंघोळीआधी बूच काढायचं एवढंच लक्षात ठेवायचं. बूच साखळीने झुलीलाच बांधा.

मोरीत गॅसचा सिलिंडर, बॅटरी, इन्व्हर्टर यातलं काही ठेवायचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर तो तिथेच सोडा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साठतो, आणि तुमच्या ट्रेची जाळी बंद टाकीत उघडते, बाहेर नाही. फिनेल-ॲसिडच्या बाटल्याही बंद मोरीत उन्हात नको.

घोडबंदरची_वहिनी

काका, काय लिहिलंत! आमचे हे दोनदा वाचून टेप घेऊन खाली गेले, अजून आलेले नाहीत.

सीवूड्सची ताई, गोधड्या बाहेर काढल्या, पटलं. मखराची गुंडाळी मुलाच्या बेडवर, भिंतीच्या बाजूला. त्याने कुरकुर केली, पण गणपती त्याचाच लाडका, जाईल कुठे.

खुर्च्या-टेबल मोजले. चार खुर्च्या चपट्या घडीच्या आहेत, प्रत्येकी दोन इंच, टेबल अडीच. साडेदहा इंचांत बसतात. काठ्या त्याच पट्ट्यात उभ्या. ताडपत्री मात्र गुंडाळून आठ इंच जाड होते, ती तिथे घातली तर सासूबाईंचे गुडघे आडवे येतात. माळ्यावर टाकू का? सहा किलो भरते. पाइप आणि बादल्या मिळून चारएक किलो होतील.

मानपाड्याला एक हुडवाला आहे, त्याच्याकडे जाऊन आले. झुलीचं चित्र काढून दाखवलं तर म्हणाला, "ताई, ही कुठल्या रिक्षाची?" समजावल्यावर त्याला एवढा रस आला की खिशांच्या कडेला पिवळी पायपिन लावतो म्हणाला, अंधारात दिसायला. फक्त त्याचं म्हणणं, दार हलकं असेल तर भरलेल्या झुलीने बिजागऱ्या ओढल्या जातील. आमचं दार प्लास्टिकचं आहे, बिजागऱ्या तीन. आणि एक. कमोडच्या बाजूला सासूबाईंसाठी धरायचा दांडा लावलाय, मजबूत आहे. रेनकोट त्यावर टांगले तर?

रबाळे_वर्कशॉप

प्लास्टिकच्या दाराला तीन सुट्या बिजागऱ्या पुरणार नाहीत. वरपासून खालपर्यंत पियानो बिजागरी लावून घ्या, स्टीलची. भार सगळीकडे वाटला जातो. आणि झूल दाराला न अडकवता दाराच्या वरच्या कडेवरून पलीकडे जाणारे इंग्रजी एस आकाराचे हूक करा, म्हणजे दाराला भोकही नको. खालची कडा वेल्क्रोने दाराला चिकटवा, नाहीतर दार उघडताना बूट डोक्यात.

खारघरचा_दर्यावर्दी

ताडपत्री माळ्यावर चालेल, दहा किलोच्या हिशोबात बसते. मात्र ओली झाली की तिचं वजन वाढतं, म्हणून निघताना झटकून मगच वर. ती सगळ्यात आत, दाराच्या नव्हे, बाहेरच्या भिंतीच्या बाजूला, आणि पाइप तिच्या अलीकडे. स्टूल माळ्यावर नको मग, ते कमोडशेजारी खाली राहू दे, आजींना पाय टेकायला होईल.

दांड्यावर काहीही टांगायचं नाही. टॉवेलसुद्धा नाही. रात्री झोपेत उठलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो, आणि रेनकोट हातात आला तर तो दांडा नसल्यासारखाच. रेनकोट झुलीच्या सगळ्यात खालच्या ओळीत घाला, तिथले खिसे जरा खोल शिवायला सांगा.

घोडबंदरची_वहिनी

बरं, दांडा मोकळा. हुडवाल्याला खालची ओळ १४ इंच खोल सांगितली आहे, शनिवारी देतो म्हणाला. पियानो बिजागरी वागळे इस्टेटमध्ये मिळाली, बिलावर ३०४ लिहून घेतलंय. दुकानदाराने आधी चुंबकच काढला होता.

@नौपाडेकर, माळ्याची उंची आमच्या ह्यांनी ५९ इंचांवर धरली आहे, कारण बसून मगाने पाणी ओतायची तालीम त्यांनी घरच्या बाथरूममध्ये स्टुलावर बसून केली आणि कोपर ५८ वर लागलं. कपडे घालून केली, काळजी नसावी.